शिरस्त्राणावरची चार नावे

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात लंडन परिसरात सापडलेले एक रोमन शिरस्त्राण आहे. त्याचे छायाचित्र पाहत असताना माझी नजर शिरस्त्राणाच्या घुमटावर थांबली नाही. ती मागच्या बाजूला, मानेच्या रक्षणासाठी बाहेर काढलेल्या पट्टीवर गेली आणि तिथेच अडकून राहिली. त्या पट्टीवर टोच्याने ठोकलेल्या बारीक ठिपक्यांची अक्षरे होती. ती सैनिकांची नावे होती, आणि एकाच शिरस्त्राणावर ती चार होती. आमच्या घरातल्या पितळी पातेल्यांवर आणि तांब्याच्या घागरींवर अशाच ठिपक्यांनी नावे घातलेली होती, आणि त्यांवरून बोट फिरवले की अंधारातही भांडे कोणाचे ते कळत असे. काही भांड्यांवर दोन पिढ्यांची नावे होती, कारण ते भांडे एका संसारातून दुसऱ्या संसारात गेलेले असे. त्यामुळे ते चार सैनिक मला क्षणभर फार ओळखीचे वाटले, आणि त्यांच्या नावांमागे काहीतरी हिशेब आहे हेही लगेच जाणवले. नाव घालण्याची गरज कोणाला पडते? ज्याला वस्तू हरवली तर भरून द्यावी लागणार आहे, त्याला.

तेव्हापासून हा प्रश्न मनातून गेला नाही. रोमन सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकसारख्या लोखंडी पट्ट्यांची चिलखते घातलेल्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या पलटणी येतात. इतके मोठे साम्राज्य, इतका शिस्तीचा कारभार. तेव्हा शिपायाला त्याचे चिलखत कोठारातून फुकट मिळत असणार, असे आपण न विचारताच गृहीत धरतो. ज्या वस्तूवर साम्राज्याचे आयुष्य अवलंबून होते, तिची किंमत साम्राज्याने मोजली असणार, हे आपल्याला न्यायाचे वाटते. प्रत्यक्षात कित्येक शतके ती किंमत ज्याच्या छातीवर ते चिलखत चढत होते, त्याच्याकडूनच या ना त्या मार्गाने वसूल होत राहिली.

इतिहासकार लिव्ही रोमच्या सुरुवातीच्या काळाविषयी सांगतो, त्यात हे अगदी उघड आहे. सर्व्हियस टुलियस या राजाने नागरिकांची त्यांच्या मालमत्तेप्रमाणे वर्गवारी केली, आणि कोणी काय घालून लढायचे हे त्या वर्गवारीनेच ठरले. एक लाख ॲस (ॲस हे रोमन नाणे) किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्यांनी शिरस्त्राण, ढाल, पोटऱ्यांवरची कवचे आणि छातीचे कवच, सगळे कांस्याचे, स्वतःच्या खर्चाने आणायचे. त्याखालच्या वर्गाला छातीचे कवच माफ, त्याखालच्या वर्गाला आणखी काही माफ, आणि शेवटच्या, ११,००० ॲस मालमत्तेच्या वर्गाच्या हाती फक्त गोफण आणि दगड. या वर्णनात दंतकथेचा अंश आहे, पण मागची कल्पना रोमन लोकांना स्वाभाविक वाटत होती: ज्याची शेती मोठी, त्याला गमावण्यासारखे जास्त, म्हणून रणात त्याचे शरीर जास्त झाकलेले. तिची दुसरी बाजू वाचताना मात्र मला थांबावे लागते. तिथे गरिबाला उघडी छाती सवलत म्हणून मिळत होती.

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने रोमन सैन्य जवळून पाहिले आणि त्याचे वर्णन केले, तेव्हाही हा फरक पुसला गेला नव्हता. बहुतेक सैनिक छातीवर हृदयासमोर एक वीत लांब आणि एक वीत रुंद असा कांस्याचा पत्रा बांधत. मात्र ज्यांची मालमत्ता १०,००० द्राख्मांहून (द्राख्मा हे ग्रीक चांदीचे नाणे) अधिक नोंदलेली होती, ते त्याऐवजी कड्यांचे चिलखत घालत. एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाची संपूर्ण छाती लोखंडी कड्यांनी झाकलेली आणि दुसऱ्याची फक्त वीतभर जागा. कोणाची शेती केवढी, हे त्या रांगेत प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत असणार. पॉलिबियस पुढे पगाराचेही सांगतो. पायदळातल्या शिपायाला दिवसाला दोन ओबोल (सहा ओबोलांचा एक द्राख्मा), शतकाधिपतीला, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्याला, त्याच्या दुप्पट, घोडेस्वाराला एक द्राख्मा. आणि धान्य, कपडे किंवा एखादे जास्तीचे शस्त्र लागले तर रोमन शिपायाच्या पगारातून खजिनदार त्याची ठरलेली किंमत कापून घेत असे.

हे कड्यांचे चिलखत महाग का, हे समजायला ते कसे बनते एवढे पाहणे पुरेसे आहे. लोखंडाची तार ओढायची, ती दांड्याभोवती गुंडाळून तोडायची, कड्या करायच्या. एका ओळीत सांधा नसलेल्या, पत्र्यातून ठोकून काढलेल्या अखंड कड्या, पुढच्या ओळीत उघड्या कड्या, आणि प्रत्येक उघड्या कडीची टोके चपटी करून, त्यांना भोक पाडून त्यात खिळा ठोकायचा. एक कडी चार कड्यांत गुंतलेली. एका अंगरख्यात अशा कड्यांची संख्या तीस हजारांच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते, आणि वजन दहा किलोच्या आसपास. लोखंड तितके महाग नसेलही. माणसाचे दिवस महाग होते. वजन सगळे खांद्यांवर येऊ नये म्हणून सैनिक कमरेला पट्टा घट्ट आवळत, म्हणजे काही भार नितंबांवर उतरे. अशी वस्तू माणूस एकदाच विकत घेतो, आणि मग ती त्याच्यानंतरही टिकते. कड्या तुटल्या तर नव्या घालता येतात, माणूस जाड झाला तर ओळी वाढवता येतात. त्या चार नावांच्या शिरस्त्राणाचेही हेच झाले. ते एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेले, आणि प्रत्येकाने आपले नाव ठोकून घेतले.

इसवी सनपूर्व १२३ मध्ये लोकप्रतिनिधी गायस ग्रॅकसने एक कायदा केला: सैनिकांना कपडे सरकारी खर्चाने द्यावेत आणि त्यासाठी पगारातून काही कापू नये. पुढे इसवी सनपूर्व १०७ मध्ये सेनापती गायस मारियसने ज्यांच्या नावावर काहीही मालमत्ता नाही अशा लोकांना सैन्यात घेतले. या दोन्ही घटनांनंतर जुनी पद्धत संपली असे वाटते. मालमत्ताच नसलेला माणूस चिलखत आणणार कुठून? त्याला ते दिलेच पाहिजे. ते दिलेही गेले; पण देणे आणि फुकट देणे यांत अंतर राहिले. शेतीच्या जागी पगार आला, आणि वसुली पगाराकडे वळली.

ती वसुली कशी होत असे, हे एका कागदावर अजून वाचता येते.

मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात लॅटिन पपायरसचा एक तुकडा मिळाला. तो गायस मेसियस नावाच्या, बैरूतहून आलेल्या सैनिकाच्या पगाराचा हिशेब आहे, इसवी सनाच्या आठव्या दशकातला. चार महिन्यांचा हप्ता ५० डिनेरियसचा; डिनेरियस हे रोमन चांदीचे नाणे. त्यातून सातूचे १६, जेवणाचे २०, बुटांचे ५, चामडी पट्ट्यांचे २, लिननच्या अंगरख्याचे ७. मी ही बेरीज कागदावर मांडली आणि उत्तर पाहून पुन्हा मांडली. ती बरोबर ५० येते. त्या हप्त्यातला एकही डिनेरियस त्या माणसाच्या हाती आला नाही. चार महिने त्याने जे काही केले, उन्हात जे पहारे दिले, त्या ओसाड डोंगराभोवती जे दगड वाहिले असतील, त्याचे मोल त्याने खाल्लेले अन्न, पायातले बूट आणि अंगावरचा एक अंगरखा एवढेच झाले. ग्रॅकसच्या कायद्याला तेव्हा दोनशे वर्षे होत आली होती आणि कपड्याचे पैसे पुन्हा शिपायाच्याच पगारातून जात होते. इजिप्तमधल्या इसवी सन ८१ च्या एका हिशेबातही असेच आहे: २४८ द्राख्मांच्या हप्त्यातून गवताचे १०, जेवणाचे ८०, बूट आणि पट्ट्यांचे १२, छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाचे २०, कपड्यांचे ६०. क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस नावाच्या त्या सैनिकाचे ६६ द्राख्मे मात्र शिल्लक पडले आणि आधीच्या शिलकीत जमा झाले. सणासाठीही कपात होती हे वाचून वाईट वाटावे की बरे वाटावे, हे मला ठरवता येत नाही. निदान सण होता.

या हाती आलेल्या ओळींत चिलखताची कपात दिसत नाही, आणि म्हणूनच दुसरा एक कागद महत्त्वाचा ठरतो. इजिप्तमधलाच, इसवी सन १४३ चा. साहाय्यक (रोमन नागरिक नसलेल्यांच्या) पलटणीतला एक सैनिक मरण पावला आणि त्याच्या आईने त्याच्या नावावर जमा असलेली रक्कम स्वीकारल्याची ती पावती आहे. त्या रकमेत शस्त्रांपोटी २१ डिनेरियसहून थोडे अधिक आणि तंबूच्या हिश्श्यापोटी २० डिनेरियस असे वेगळे मांडलेले आहेत. म्हणजे मुलाने भरती झाल्यावर शस्त्रांचे मोल कधीतरी भरले होते, आणि तो गेल्यावर शस्त्रे पलटणीकडे राहिली व मोल घरी परतले. व्यवस्था म्हणून ही निर्दयी नाही, उलट बरीच प्रामाणिक आहे. वस्तू परत घेतली तर पैसे परत दिले. तरीही त्या आईविषयी विचार करताना माझे मन या प्रामाणिकपणावर ठरत नाही. तिला मुलाची तलवार मिळाली नाही, शिरस्त्राण मिळाले नाही. वापरलेल्या वस्तूची ठरलेली किंमत मिळाली. त्याच वेळी पलटणीच्या कोठारात ते शिरस्त्राण पुढच्या भरतीची वाट पाहत होते, आणि तिथे त्याच्यावर नवे नाव पडणार होते.

ऑगस्टसच्या काळात पायदळातल्या सैनिकाचा पगार वर्षाला २२५ डिनेरियस होता, आणि एका डिनेरियसचे १६ ॲस. दिवसाला तो साधारण १० ॲस पडतो. हा दहाचा आकडा रोमन इतिहासकार टॅसिटसने एका बंडाच्या वर्णनात अजरामर केला आहे. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टसच्या मृत्यूची बातमी डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या उन्हाळी छावणीत पोहोचली तेव्हा तीन पलटणींमध्ये असंतोष पेटला. पर्सेनियस नावाचा एक साधा शिपाई, जो पूर्वी नाट्यगृहात टाळ्या पिटणाऱ्यांचा म्होरक्या होता, संध्याकाळी सैनिकांना जमवून बोलू लागला. त्याचे म्हणणे असे की आमचा जीव आणि आमचे शरीर यांची किंमत दिवसाला दहा ॲस लावली आहे. त्यातूनच कपडे, त्यातूनच शस्त्रे, त्यातूनच तंबू, आणि त्यातूनच शतकाधिपतीचा क्रूरपणा टाळण्यासाठी आणि कामातून सूट मिळवण्यासाठी द्यायची लाच. हे भाषण टॅसिटसने आपल्या लेखणीने घडवले आहे, पण तक्रार त्याच्या कल्पनेतून आलेली नाही. मसादाच्या तुकड्यावर तिचे आकडे आहेत. याच बंडात ल्युसिलियस नावाचा शतकाधिपती मारला गेला. शिपायाच्या पाठीवर वेलीची काठी मोडली की तो मोठ्याने दुसरी मागत असे आणि मग तिसरी, म्हणून सैनिकांनी त्याला ‘दुसरी आण’ असे नाव ठेवले होते. आपल्याच पैशाने घेतलेले चिलखत शत्रूसाठी होते. या काठीपुढे ते चिलखत कामाचे नव्हते, तिथे लाच लागत होती.

सरकारी कोठार आणि बाजार यांखेरीज तिसरा मार्ग घरचा होता, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. इजिप्तमध्ये करानिस गावातल्या एका घरात जिन्याखाली पत्रांचा गठ्ठा सापडला. दुसऱ्या शतकाच्या आरंभी क्लॉडियस टेरेन्शियानस नावाच्या तरुणाने क्लॉडियस टायबेरियानस याला, वडील म्हणून संबोधून, लिहिलेली ती पत्रे आहेत. तो आरमारात भरती झाला होता, मनात पलटणीत जायचे होते. एका पत्रात तो लढाईची तलवार, कुदळ, आकडा, मिळतील त्यांतले उत्तम दोन भाले, एक झगा आणि पट्ट्यासहित अंगरखा पाठवायला सांगतो. दुसऱ्या पत्रात बूट आणि पायमोजे मागतो, बुटांच्या एका प्रकाराला नावे ठेवतो, आपल्याला महिन्यात दोनदा पादत्राणे घ्यावी लागतात अशी कुरकुर करतो. वडिलांनी पाठवलेली कुदळ वरच्या अधिकाऱ्याने काढून घेतली, हेही तो कळवतो. आणि मग ते वाक्य येते: इथे पैशाशिवाय काही होत नाही, आणि शिफारसपत्रांचाही उपयोग नाही, माणसाने स्वतःच स्वतःला मदत केली तर गोष्ट वेगळी. हे वाचताना साम्राज्य, गरुडध्वज, विजयतोरण हे सगळे दूर जाते आणि घरच्यांकडे वस्तूंची यादी पाठवणारा एक मुलगा उरतो. त्याला लढाईची तलवारही घरून मागवावी लागत होती. त्या घरात ती यादी वाचून कोणी काय विकले, कोणाकडे उधार मागितले, याचा हिशेब मात्र जिन्याखालच्या गठ्ठ्यात नाही.

छावणीत कारखाने होते, हे खरे. ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा इथे सापडलेल्या एका लाकडी पातळ पाटीवर एका दिवसाची नोंद आहे: कार्यशाळांमध्ये ३४३ माणसे कामाला, त्यांत १२ चांभार, तर स्नानगृहासाठी १८ गवंडी. शिपाई स्वतःच लोहार, स्वतःच सुतार. जवळच्याच कॉर्ब्रिज इथे १९६४ मध्ये लोखंडी पट्ट्यांच्या चिलखतांचे भाग भरलेली एक पेटी सापडली. पट्ट्या, कातड्याच्या वाद्या, दुरुस्तीच्या खुणा. मोडकी वस्तूही कोणी फेकली नव्हती. कुठल्या कोपऱ्यात काय वाकले आहे, कोणती बिजागरी उसवली आहे, ती दुसरीतून काढून इथे बसेल का, असा विचार करणारा हात त्या पेटीत दिसतो. साम्राज्याच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. हा डागडुजीचा भाग फार थोड्या लेखनात येतो.

इतके पैसे मोजल्यावर माणसाचे वस्तूशी नाते जडणारच, आणि रोमन सेनापतींना ते पुरते ठाऊक होते. ज्युलियस सीझर आपल्या सैनिकांना सोन्यारुप्याने मढवलेली शस्त्रे देत असे, कारण चरित्रकार स्युटोनियस सांगतो त्याप्रमाणे, महाग शस्त्र हरवण्याच्या भीतीने सैनिक ते लढाईत अधिक घट्ट धरतात. इसवी सनपूर्व १६८ मध्ये पिड्नाच्या लढाईत रोमन मुत्सद्दी थोरल्या केटोच्या मुलाच्या हातून तलवार निसटली, तेव्हा तो मित्रांना गोळा करून शत्रूच्या गर्दीत पुन्हा शिरला आणि प्रेतांच्या ढिगातून ती शोधून घेऊनच परतला. इसवी सन ६९ मध्ये व्हिटेलियसला सम्राट करण्यासाठी ऱ्हाइनवरच्या साध्या शिपायांनी, रोकड पुरेना म्हणून, आपली बचत, कमरपट्टे, पदके आणि चांदीने मढवलेली शस्त्रांची भूषणे दिली. म्हणजे त्या कमरपट्ट्यातली चांदी हीच त्यांची ठेव होती. ती अंगावर होती, उजळवता येत होती, चारचौघांत दाखवता येत होती आणि प्रसंगी मोडता येत होती. पगारातून कापून गेलेले पैसे असे थोडेसे परत स्वतःच्या मालकीचे होत असावेत, असे मला वाटते.

पण मालकी अर्धवटच होती. रोमन कायद्याच्या संग्रहात विधिज्ञ पॉलसचे मत नोंदलेले आहे: शस्त्रे विकणे हा गंभीर गुन्हा. पोटरीचे किंवा खांद्याचे आवरण विकले तर फटके. छातीचे कवच, ढाल, शिरस्त्राण किंवा तलवार विकली तर तो पळपुट्यासमान. ज्या वस्तूचे पैसे आपण भरले, जिच्यावर आपले नाव ठोकले, ती अडचणीच्या वेळी विकता येत नाही, कारण विकली तर आपण सैन्य सोडून पळालो असे धरले जाईल. नावाचा अर्थ इथे पूर्ण उलगडतो. नावामुळे वस्तू सैनिकाची होत नव्हती, तिची जबाबदारी त्याची होत होती. जर्मनीतल्या काल्क्रीझ इथे, इसवी सन ९ मध्ये तीन पलटणी नष्ट झालेल्या लढाईच्या जागी, कड्यांचे चिलखत अडकवायचा एक आकडा सापडला आहे, आणि त्यावर मालकाची ओळख कोरलेली आहे: मार्कस आयस, पहिली तुकडी, फॅब्रिशियस या शतकाधिपतीचे पथक. त्याचे हप्ते तोवर फिटले होते की नाही, हे सांगणारा कागद त्या जंगलात टिकणे शक्यच नव्हते.

पुढे तिसऱ्या शतकात नाण्यांतली चांदी उतरत गेली, पगाराचे मोल घसरले, आणि दिवसाला दहा ॲसच्या हिशेबावर उभी असलेली ही सगळी रचना चालेनाशी झाली. सम्राट डायोक्लेशियनच्या काळापासून शस्त्रनिर्मिती सरकारी कारखान्यांकडे गेली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या अधिकारपदांच्या यादीत असे पस्तीसएक कारखाने नोंदलेले आहेत, आणि कामे वाटून दिलेली आहेत: मांटुआला चिलखते, क्रेमोनाला ढाली, पावियाला धनुष्ये, लुक्काला तलवारी, कॉनकॉर्डियाला बाण. शिपायाच्या पगारातून शस्त्राचे पैसे कापण्याचा काळ असा मागे पडला. पर्सेनियसला हे ऐकून समाधान वाटले असते. मला मात्र त्या कारखान्यांविषयीचा इसवी सन ३९८ चा कायदा वाचल्यावर हे समाधान पुरेसे वाटत नाही. चिलखताची किंमत नाहीशी झाली नव्हती, ती दुसऱ्या माणसावर गेली होती. शस्त्रे घडवणारे कारागीर पिढीजात त्या कामाला बांधलेले होते, आणि त्या कायद्याने असे ठरवले की सैन्यातल्या नव्या भरतीप्रमाणेच त्यांच्याही दंडावर डाग द्यावा, म्हणजे त्यांतला कोणी कारखाना सोडून पळाला आणि लपला तर तो कुठला आहे हे पाहताक्षणी ओळखता येईल.